अन्नाचा घांस व लग्नाचें वचन

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या विवाहित दांपत्यांच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं बोलणार्‍यानें गेलेल्या काळाचें गुणगान करावें अशी रीत आहे. आपलें देऊळ कोणाच्या घामानें उभें राहिलें, चुना-विटा कोणीं वाहिल्या, पहिल्या मिस्सेला किती घरें होतीं, हें सर्व या पुस्तिकेच्या इतर पानांत अधिकारी व्यक्तींनीं लिहिलेंच आहे. आम्हांस विवाहित दांपत्यांपुढें चार शब्द बोलण्याची विनंती झाली, तेव्हां महोत्सवाच्या दिवशीं सहसा कोणी काढीत नाहीं असा एक विषय आम्हीं निवडला. गेल्या रविवारीं, ज्यांच्या लग्नाला पन्नास वर्षें झालीं अशीं जोडपीं वेदीपुढें उभीं राहिलीं व आपण सर्वांनीं आनंदानें टाळ्या वाजविल्या. त्या रांगेंत कांहीं जोडपीं नव्हतीं. त्यांच्या घरीं आम्ही महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं पवित्र कम्युनियन घेऊन जातों. तेथें दोघांपैकीं एकाला आज वार कोणता हें ठाऊक नसतें. समोर बसलेला माणूस आपला पति आहे, बाप आहे कीं परका आहे, हें उमगत नसतें. आणि दुसरा दररोज दुपारीं भाताचा घांस हातांत धरून वाट पाहत बसलेला असतो. पहिल्याचें अंग दिवसेंदिवस वाळत जातें, आणि दुसर्‍यास वाटतें कीं हा आपलाच दोष. या दुसर्‍या माणसाशीं आज आम्हांस बोलावयाचें आहे.

या व्याधीस डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. मराठींत स्मृतिभ्रंश हा शब्द रूढ झाला आहे. चष्मा कोठें ठेविला हें विसरणें म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. ह्या रोगांत मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जातात. आठवण ही बहुधा आधीं जाते; तिच्या पाठोपाठ शब्द जातात, वाटा जातात, वस्तूंची ओळख जाते, आणि शेवटीं शेवटीं घांस गिळण्याची क्रियाही शरीर विसरूं लागतें.

या रोगाचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार ज्यांच्या नांवानें ओळखला जातो, त्या डॉ. आलोइस आल्झायमर यांच्या टिपणांत एक लहानशी गोष्ट आहे. १९०१ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरीं एका रेल्वे कारकुनाची पत्नी, वय वर्षें एकावन्न, मनोरुग्णांच्या इस्पितळांत दाखल झाली. ऑगस्टे डेटर हें तिचें नांव. ती दुपारचें जेवत असतां डॉक्टरांनीं विचारलें, आपण काय खात आहांत? ताटांत फुलकोबी व डुकराचें मांस होतें. तिनें उत्तर दिलें, पालक. १९०६ च्या एप्रिलांत ती मरण पावली, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत डॉक्टरांनीं तिच्या मेंदूंत जें आढळलें तें ट्यूबिंगेन येथें विद्वानांपुढें मांडलें. विद्वानांस त्यांतील मेंदूचें वर्णन महत्त्वाचें वाटतें, आणि तें योग्यच आहे. आमचें लक्ष मात्र त्या ताटाकडे जातें. अन्न तोंडांत आहे, पण तें काय आहे हें तोंडाला ठाऊक नाहीं. ज्यांच्या घरीं हा रोग आहे त्यांना या एका प्रश्नोत्तरांत आपलें सगळें स्वयंपाकघर दिसेल.

आणि अशीं घरें थोडीं नाहींत. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशांत साठ वर्षांवरील सुमारें ८८ लक्ष माणसांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे शेंकडा ७.४, किंवा दर तेरा-चौदा वृद्धांत एक. आपल्या कोणत्याही आळींतून दहा मिनिटें चाललें तर असें एखादें घर मागें पडतेंच. दार बंद असतें म्हणून आपणांस तें कळत नाहीं.

अशा एका घराविषयीं थोडें सविस्तर सांगतों. त्या गृहस्थांनीं आम्हांस हें सांगितलें तें ओटीवर बसून, पापनिवेदनांत नव्हे; आणि येथें सांगण्यास त्यांची अनुमति आहे. त्यांची पत्नी तरुणपणीं पहांटेच्या गाडीनें भाजीच्या पाट्या घेऊन दादरला जात असे. हिशेबांत तिला कोणी फसवूं शकत नसे, आणि घरीं परतल्यावर दहा माणसांच्या भाकर्‍या एकटी भाजीत असे. तिची स्मृति गेली तेव्हां गृहस्थांनीं तें धीरानें घेतलें. ती त्यांना कधीं बाबा म्हणे, कधीं भाडोत्री म्हणे. तेंही त्यांनीं हंसून सोसलें. परंतु तिचें वजन ५८ किलोंवरून ४९ वर आलें, तेव्हां त्यांचा धीर सुटला. दर महिन्याला दवाखान्यांतील काट्यावर तिला उभी करून ते आंकडा दिनदर्शिकेच्या पानावर लिहीत, आणि प्रत्येक आंकडा मागच्याहून लहान असे. "फादर, माझ्या हातचं ती खात नाहीं," ते म्हणाले. "घांस तोंडाशीं नेला कीं मान फिरवते. पन्नास वर्षं तिनं मला वाढलं. आतां माझी पाळी आली, तर मला तिला दोन घांस भरवतां येत नाहींत." परदेशीं असलेला मुलगा दूरध्वनीच्या पडद्यावर आईला पाहून विचारी, आई हाडांचा सांपळा झाली, तुम्ही करतां तरी काय? आणि शेजारच्या एका वडीलधार्‍या बाईंनीं मिस्सेहून परततांना चारचौघांत विचारलें, "अरे, तिला जेवायला घालतोस ना?"

हा प्रश्न त्या माणसाला रोगापेक्षां अधिक लागला. म्हणून आम्ही प्रथम स्पष्ट सांगतों कीं स्मृतिभ्रंशाच्या रोग्याचें वजन घटणें हें या रोगाचेंच एक लक्षण आहे. कित्येकदां तर विस्मरण ओळखूं येण्यापूर्वींच वजन उतरूं लागतें. भूक लागली हा निरोप मेंदूपर्यंत पोंचत नाहीं, किंवा पोंचला तरी त्याचा अर्थ कळत नाहीं. वास कळेनासा होतो, आणि वासावांचून अन्नाला चव ती काय राहणार? कोणी दिवसभर घरांत येरझार्‍या घालतो व खाल्लेलें सर्व चालण्यांत खर्चून टाकतो. कोणाला जेवून झालें असेंच वाटत असतें. कोणाला हातांतील चमच्याचें काय करावयाचें हें उमगत नाहीं. ताटावर बसून मान फिरविणारी पत्नी पतीला नाकारीत नसते.

परंतु "रोगच तसा" असें म्हणून हात जोडून बसणें हेंही आम्हांस मान्य नाहीं. वजन घटण्यामागें पुष्कळदां दुसरें कारण दडलेलें असतें आणि त्यावर उपाय असतो. साठ किलोंच्या माणसाचें वजन एका महिन्यांत तीन किलो, किंवा सहा महिन्यांत सहा किलो उतरलें, तर डॉक्टर तें गंभीर मानतात. तेवढी वाट न पाहतांच त्यांच्याकडे जावें. मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचा विकार, क्षय, पोटांतील एखादी गांठ, यांचा शोध त्यांनीं घ्यावा. आणि घरच्या माणसानें रोग्याचें तोंड उघडून पाहावें. रोगी दांत दुखतो असें सांगत नाहीं. तो फक्त खाणें सोडतो. तोंड आलें असेल, दाढ किडली असेल, बद्धकोष्ठ असेल, मन खिन्न असेल, तरीही तो तेंच करतो. स्मरणशक्तीसाठीं दिल्या जाणार्‍या डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनींही कांहींची भूक मरते व मळमळतें. गोळी आपल्या मनानें बंद करूं नये, डॉक्टरांस विचारावें.

आमच्या त्या भगिनीच्या बाबतींत कवळी हें एक कारण निघालें. वजन उतरलें तशा हिरड्या आकसल्या, कवळी सैल झाली, तिच्याखालीं जखम झाली, आणि प्रत्येक घांस म्हणजे यातना होऊन बसली. जखम भरली, कवळी नवी झाली, गोळीचें प्रमाण डॉक्टरांनीं बदललें, आणि दोन महिन्यांत दीड किलो वजन परत आलें. त्या गृहस्थांनीं तो आंकडा दिनदर्शिकेवर तांबड्या शाईनें लिहिला होता. पुढें तें वजन पुन्हां उतरलें, हेंही आम्ही सांगितलें पाहिजे. नाहीं तर आपण आमच्या बोलण्यांत चमत्कार शोधाल.

आतां ताटाविषयीं. प्रवक्ता एलिया जीव नकोसा होऊन रानांत झुडुपाखालीं निजला, ती कथा राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायांत आहे. देवदूतानें त्याला उपदेश केला नाहीं, कीं तूं असें का करतोस म्हणून विचारलें नाहीं. त्यानें त्याला स्पर्श केला, उठून खाण्यास सांगितलें. उशाशीं निखार्‍यावर भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें होतें. एलिया थोडें खाऊन पुन्हां निजला. देवदूत रागावला नाहीं. तो दुसर्‍यांदा आला व पुन्हां स्पर्श करून तेंच म्हणाला. स्मृतिभ्रंशाच्या रोग्याला जेवूं घालण्याची याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाहीं. थोडें द्यावें, पुन्हां द्यावें, हात लावून द्यावें, वाद घालूं नये. तीन वेळां भरलेलें ताट पुढें ठेवण्यापेक्षां सहा वेळां वाटीभर अन्न बरें. ज्या वेळीं त्याची वृत्ति प्रसन्न असते, बहुधा सकाळीं, त्या वेळीं मुख्य जेवण द्यावें. दूरदर्शन बंद असावें. एका वेळीं एकच पदार्थ पुढें असावा. पांढर्‍या ताटांत पांढरा भात त्याला दिसतच नाहीं. बॉस्टन येथील संशोधकांनीं २००४ सालीं दाखवून दिलें कीं ठळक रंगाच्या भांड्यांतून दिलेलें अन्न व पाणी असे रोगी अधिक घेतात. चमचा उमगत नसेल तर हातीं धरून खातां येईल असें द्यावें: केळ्याचे तुकडे, उकडलेल्या अंड्याच्या फोडी, मऊ इडली. पेजेंत तूप घालावें, दुधांत साय राहूं द्यावी, नाचणीच्या खिरींत गूळ सढळ घालावा. या रोगांत गोडाची आवड बहुधा टिकून राहते, आणि जेथें वजनच उतरत आहे तेथें मधुमेह नसल्यास पथ्याचा बडेजाव नको. त्या भगिनीचा हात आपणहून पुढें येई तो सुकेळीसाठीं. पान सोडतांच येणारा तो वास तिच्या आठवणींत कोठें खोल राहिला होता देव जाणे. ती स्वतः एक एक तुकडा उचलून तोंडांत घाली, आणि तिचा पति श्वास रोखून तिच्याकडे पाहत राही.

भरवणारानें उभें राहून भरवूं नये. समोर बसावें, डोळ्याला डोळा मिळूं द्यावा, आणि आपण स्वतःही एक घांस खावा. पाहून करणें हें रोग्याला पुष्कळ काळ जमतें. रोगी ताठ बसलेला असावा व जेवणानंतर अर्धा तास तरी तसाच असावा. घांस गालांत सांठून राहतो का, पाण्याच्या घोटाबरोबर ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज घोगरा ओला होतो का, इकडे लक्ष असावें; कारण अन्न श्वासनलिकेंत गेल्यास फुप्फुसाचा दाह होतो आणि तो या रोगाच्या शेवटच्या अवस्थेंत मृत्यूचें एक मोठें कारण आहे. अशीं चिन्हें दिसूं लागल्यावर सुकेळीही बंद करावी लागली. मग पेज घट्ट करून, चमच्याच्या टोंकानें.

येथून पुढचा प्रश्न अवघड आहे. रोगी गिळेनासा झाला म्हणजे कोणी तरी म्हणतो, नळी घाला; नाकांतून किंवा पोटाला छिद्र पाडून. दुसरा म्हणतो, नळी न घालणें म्हणजे उपाशी मारणें, आणि तें महापाप आहे. साधारण साधनें कोणतीं आणि असाधारण साधनें कोणतीं, हा भेद आम्हीं सेमिनरींत नीतिशास्त्राच्या वर्गांत तोंडपाठ केला होता. बाराव्या पायस यांनीं १९५७ सालीं डॉक्टरांपुढें तो विशद करून सांगितला. परंतु ओटीवर रडणार्‍या माणसापुढें तो कसा सांगावा, हें वर्गांत शिकवीत नाहींत. ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे: कोणाचें मरण लौकर यावें या हेतूनें अन्नपाणी तोडणें कधींही योग्य नाहीं. नळीवाटें दिलेलें अन्नही, जोंवर तें शरीराचें पोषण करण्याचें आपलें काम करीत आहे, तोंवर तत्त्वतः द्यावें, असें रोमहून २००७ सालीं सांगण्यांत आलें. परंतु जेथें शरीर तें अन्न घेऊं शकत नाहीं, जेथें त्याचा हेतूच सिद्ध होत नाहीं, तेथें तें बंधन राहत नाहीं. २०२० सालच्या 'सामारितानुस बोनुस' या पत्रांत हें पुन्हां आलें आहे. आणि वैद्यकशास्त्र काय म्हणतें? अमेरिकेंतील वृद्धवैद्यकाच्या संस्थेनें २०१४ सालीं असें मत दिलें कीं स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या अवस्थेंत नळीची शिफारस करूं नये. काळजीपूर्वक हातानें भरवणें हें आयुष्य, फुप्फुसाचा दाह व रोग्याचें समाधान या बाबतींत तिच्याहून उणें नाहीं. नळी घातलेला रोगी ती उपटूं पाहतो, मग त्याचे हात बांधतात, मग त्याच्या पाठीला जखमा होतात. प्रत्येक रोगी निराळा आहे. निर्णय करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें कीं या नळीनें या माणसाचें नेमकें काय भलें होणार, आणि शंका राहिल्यास आमचें दार वाजवावें, मग रात्र कां असेना. ज्या पतीनें मान फिरविणार्‍या पत्नीच्या ओंठांना ओलें बोट लावलें, दोन चमचे गेले तर दोन, न गेले तर पुन्हां तासाभरानें, त्यानें तिला उपाशी मारलें असें म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाहीं.

आम्ही आतांपर्यंत एकाच वजनाविषयीं बोललों. त्या घरीं कम्युनियन देतांना आमची दृष्टि त्या गृहस्थांच्या मनगटाकडे गेली. घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतें. पट्ट्याला नवीं भोंकें पाडलेलीं होतीं. विचारलें तेव्हां कळलें कीं ते चुलीपाशीं उभ्यानें खातात, तिनें टाकलेलें खातात, आणि लेंट आला म्हणून उपवासही पाळतात. वय बहात्तर! प्रियजनहो, उपवासाचा नियम साठाव्या वर्षाच्या आरंभींच सुटतो, आणि आजारी माणसाला तो कधीं नव्हताच. तेवढेंच नव्हे. धर्मसभेच्या १९८३ च्या कायद्याचें ९१९ वें कलम पाहावें. कम्युनियनपूर्वीं एक तास कांहीं खाऊं नये हा नियम; त्यांतून वृद्ध व आजारी यांना सूट आहे हें सर्वांना ठाऊक असतें; परंतु त्याच वाक्यांत त्यांची शुश्रूषा करणारांनाही तीच सूट दिलेली आहे, हें कितीजणांना ठाऊक आहे? कायदा लिहिणारांना कळलें होतें कीं रोग्याच्या उशाशीं बसलेल्या माणसाला घड्याळाप्रमाणें जेवतां येत नाहीं. आपण मात्र त्या माणसाला नमस्कार करून पुढें जातों आणि त्याच्या त्यागाची स्तुति करतों. स्तुतीनें पोट भरत नाहीं. याइराच्या मुलीला उठविल्यावर आपल्या प्रभूनें आईबापांना पहिली गोष्ट कोणती सांगितली? तिला खावयास द्या, अशी.

शेजारधर्माविषयीं दोन शब्द कडक बोलतों. "किती बारीक झाली हो!" हें वाक्य ओटीवर उच्चारूं नये. तें त्या घरांत रोज आरशांतून, काट्यांतून, दोरीवर वाळत घातलेल्या झग्यांतून ऐकूं येत असतें. परदेशस्थ मुलांनीं पडद्यावरून चौकशी करण्याऐवजीं वर्षांतून पंधरा दिवस येऊन आईला स्वतः भरवावें, आणि त्या पंधरा दिवसांत बापाला झोपूं द्यावें. बेनसिराच्या ग्रंथाच्या तिसर्‍या अध्यायांत म्हातार्‍या बापाची बुद्धि क्षीण झाली तरी पुत्रानें त्याला सोसून घ्यावें, तुच्छ लेखूं नये, असें सांगितलें आहे. तो ग्रंथ ख्रिस्तपूर्व दुसर्‍या शतकांतील. म्हणजे हें दुःख आल्झायमर साहेबांच्या पुष्कळ आधीं ओळखलेलें होतें.

आणखी एक शंका वारंवार विचारली जाते: ज्याला कांहीं कळत नाहीं त्याला कम्युनियन द्यावें का? गिळतां येत असेल तर अवश्य. हॉस्तियाचा कण पुरे, आणि तोही गिळवत नसेल तर पवित्र रक्ताचा एक थेंब देतां येतो, त्यासाठीं आम्हांस आगाऊ सांगावें. रुग्णाभ्यंगाचा साक्रामेंतही शुद्ध हरपेपर्यंत लांबवूं नये. त्या भगिनीला पतीचें नांव आठवत नसे, परंतु आम्ही क्रुसाची खूण करूं लागलों कीं तिचा उजवा हात कपाळाकडे जाई, आणि ओंठ आपणहून उघडत. तिच्या पतीच्या हातचें न खाणारें तोंड तेथें उघडतें याचें त्यांना वाईट वाटतें का, असें आम्हांस वाटून गेलें. ते म्हणाले, "फादर, तुमच्या मागोमाग मी पेजेचा चमचा धरतों. उघडलेलं असतं तेवढ्यांत जातो."

ती भगिनी आज हयात आहे. वजन ४४ किलो. काट्यावर उभें करणें आतां त्यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच सोडलें आहे. त्या जागीं दिनदर्शिकेवर ते आतां लिहितात कीं आज किती चमचे गेले, आणि ती हंसली का.

येत्या रविवारीं महोत्सवाचें जेवण आहे. जीं जोडपीं येऊं शकत नाहींत त्यांच्या घरीं डबे पोंचविण्याचें काम तरुण मंडळानें स्वीकारलें आहे. प्रत्येक घरीं दोन डबे जातील: एकांत मऊ भात, गाळलेली डाळ व शिरा, दुसर्‍यांत आपण सर्व जें जेवूं तेंच, मटणाचें कालवण व फुगे. डबा नेणार्‍या मुलांना आमची सूचना आहे कीं दुसरा डबा उघडून द्यावा आणि तो माणूस खाली बसून जेवेपर्यंत तेथेंच थांबावें. तोंवर पहिल्या डब्यांतील चमचा आपण धरावा. घरांचीं नांवें शुक्रवारपर्यंत मिर्णीकाकांकडे द्यावीं.